पाय की गाडी

त्या भागात गाडी बिघडली की लोक आधी नशिबाला बोल लावत आणि मग मिस्त्रीकडे जात. मिस्त्रीचं खरं नाव शटरवरच्या पाटीवर होतं, पण पाटीवर वीस वर्षांची धूळ बसल्यामुळे ते फक्त टपालवाल्याला ठाऊक होतं. त्याच्या कानाची ख्याती मात्र लांबवर होती. एका लाकडी काठीचं एक टोक इंजिनावर आणि दुसरं कानामागच्या हाडावर टेकवून तो डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा. "ह्याच कानांना घरातला गळका नळ ऐकू येत नाही," असं त्याची बायको म्हणायची; पण तिला कोणी विचारत नव्हतं.

निकाल दोनच प्रकारचे असत. एक, "हे बदलावं लागेल." दुसरा, "काही नाही." दुसरा लोकांना जास्त आवडायचा. मिस्त्री फडक्याला हात पुसत "काही नाही" म्हणाला की गिऱ्हाइकाला आपण उगाचच घाबरट आहोत असं वाटायचं आणि ते हसत हसत घरी जायचं.

दातांचे डॉक्टर असे तीनदा हसत घरी गेले होते. चौथ्यांदा ते आले तेव्हा त्यांची बायको जाऊन पाच आठवडे झाले होते.

डावा हात गळ्यात बांधलेला, दाढी एकाच बाजूची नीट झालेली. गाडी त्यांच्या आधीच येऊन मागच्या अंगणात ताडपत्रीखाली पडली होती. बसकी, लांब नाकाची, दोनच माणसांची जुनी स्पोर्ट्स कार. दोन सीटांमागे धड भाजीची पिशवी मावायची नाही. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला त्या वर्षी ती घेतली, आणि तेव्हापासून त्यांची बायको तिला सवत म्हणायची. "सवतीला न्हाऊ घालून झालं असेल तर दोन घास खायला या," अशी हाक शेजाऱ्यांनाही पाठ होती. आता गाडीचं नाक जसंच्या तसं होतं, डॉक्टरांची बाजू जशीच्या तशी होती, आणि बायकोच्या सीटची बाजू आत गेली होती.

डॉक्टरांच्या लेकीने गाडी भंगारात द्यायचं ठरवलं होतं. शुक्रवारी टेम्पो येणार होता. आज मंगळवार.

"मिस्त्री, एकदा बघ," डॉक्टर म्हणाले. "इंजिन शाबूत आहे."

"डॉक्टर, कशाला आता? शुक्रवारी जातेय ती."

"जाऊ दे. मला गाडी नको आहे. मला फक्त एवढंच सांग, तिनं मिस मारलं, की माझा पाय उचलला गेला?"

मिस मारणं म्हणजे इंजिनात वेळच्या वेळी पडायची ती ठिणगी न पडणं. गाडीला उचकी लागल्यासारखं होतं. क्षणभर जोर जातो, पुन्हा येतो. हे रोज होत असेल तर सापडतं. कधीतरी होत असेल तर गिऱ्हाईक आणि मिस्त्री यांच्यापैकी एकाला वेडं ठरावं लागतं, आणि निकाल मिस्त्रीने द्यायचा असल्यामुळे ते कोणी ठरायचं याचा फारसा वाद होत नाही.

पहिल्यांदा डॉक्टर तक्रार घेऊन आले तेव्हा मिस्त्रीने काठी लावली, प्लग साफ केले, गाडी फिरवून आणली आणि सांगितलं, "काही नाही."

"तुझ्यासमोर गप्प बसते," डॉक्टर म्हणाले होते. "माझ्याकडेही असंच व्हायचं. रात्रभर गाल धरून विव्हळणारा माणूस माझ्या खुर्चीत बसला की म्हणायचा, आता दुखत नाहीये हो. पण म्हणून मी कधी 'काही नाही' म्हणालो नाही बरं का. 'मला दिसलं नाही' एवढंच म्हणायचो."

"म्हणून तुमच्याकडे लोक पुन्हा पुन्हा यायचे," मिस्त्री म्हणाला, आणि दोघेही हसले.

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा डॉक्टर बायकोला बरोबर घेऊन आले, साक्षीदार म्हणून. पुढच्या गाडीला मागे टाकायला जावं की अर्ध्यातच जोर जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. मिस्त्रीने अर्धा दिवस घातला, डॉक्टरांना शेजारी बसवून मोठ्या रस्त्यावर तीन फेऱ्या मारल्या. गाडी लोण्यासारखी धावली. परत आल्यावर मिस्त्रीने फडकं उचललं.

"डॉक्टर, राग मानू नका. समोरून काही येताना दिसलं की तुमचा पाय उचलला जातो. तुम्हाला कळतही नाही. वय झालं की होतं असं. माझ्या सासऱ्यांचं असंच होतं."

"तरी मी सांगतच होते!" डॉक्टरांची बायको म्हणाली. "अहो, ह्यांना जिन्यावरसुद्धा शेवटची पायरी सापडत नाही. आणि बिचारी सवत बदनाम!"

त्या दिवशी गॅरेजमध्ये होते नव्हते ते सगळे हसले. डॉक्टरही हसले. त्यानंतर सात आठवड्यांनी, सरळ रस्त्यावर, चांगल्या उजेडात, लाकडं भरलेल्या एका संथ ट्रकला मागे टाकायला डॉक्टरांनी गाडी बाहेर काढली. समोरून बस येत होती, पण लांब होती. ट्रकच्या निम्म्यापर्यंत गेल्यावर गाडीचा जोर गेला. पुढे जाता येईना, म्हणून ते मागे पडून पुन्हा आत शिरायला गेले, आणि ट्रकचा मागचा कोपरा डाव्या दारातून आत आला.

जबाबात डॉक्टरांनी सांगितलं, "माझा पाय उचलला गेला असावा." लिहून घेणाऱ्याने "असावा" गाळला. वाक्य आटोपशीर झालं. डॉक्टरांनी सही केली.

"डॉक्टर, हे शोधून काय मिळणार?" मिस्त्रीने विचारलं.

"मी रोज खुर्चीत बसतो," डॉक्टर म्हणाले, "आणि पाय खाली दाबून बघतो. उचलला जातो का ते. तास तास. लेक म्हणते, बाबा, काय करताय? काय सांगू तिला?"

मिस्त्री बघतो म्हणाला. नाही म्हणायला त्याला कारण सापडलं नाही.

बुधवारी सकाळी त्याने ताडपत्री काढली. बॉनेट उघडलं आणि हात सवयीने जिकडे जायचा तिकडे गेला, एका बारीक रबरी नळीकडे. ती उपटून, तिच्या तोंडात पेन्सिलीचा तुकडा खुपसून त्याने ती बाजूला केली. डावीकडून आत आलेला पत्रा पहारीने बाहेर सारून पंख्याला जागा केली. बॅटरी बदलली. किल्ली फिरवली. गाडी अर्ध्या फेऱ्यात सुरू झाली आणि अंगणात उभी राहून, एक अख्खी बाजू नसताना, शहाण्या मुलीसारखी घुमू लागली.

दिवसभर तो तिच्या मागे लागला होता. प्लग काढून पाहिले, सगळे सारख्या रंगाचे. प्लगच्या तारा वाकवल्या, ओढल्या, ओल्या केल्या. भर दुपारी गाडी आत घेऊन, शटर ओढून अंधार केला, आणि कुठे चोरटी ठिणगी उडते का ते पाहिलं. कॉइल तापल्यावर दगा देते म्हणून तिच्यावर दोन तास दिवा धरला. कंडेन्सर बदलून पाहिला. पेट्रोलची जाळी झटकली. कार्बोरेटर खोलून टेबलावर मांडला, फुंकला, जोडला. काठी लावून डोळे मिटले. काही नाही, काही नाही, काही नाही. आणि खरं सांगायचं तर दर "काही नाही"ला मिस्त्रीची भूक वाढत होती. बुधवारी संध्याकाळी तो दोनदा जेवला.

"सापडलं का काही?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग एवढे खूश का?"

मिस्त्रीने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता तो मोकळा झाला. डॉक्टरांना काय सांगायचं ते त्याने मनात जुळवलंही. पाय हा शब्द टाळायचा. "गाडीत दोष नाही, पण अशा वेळी कोणाचाही तोल जातो," असं काहीतरी. हत्यारं पुसली, पेटीत ठेवली, बॉनेट लावायला गेला, तर ती नळी तशीच लोंबत होती. ती पुन्हा जागेवर बसवायला त्याने पेन्सिलीचा तुकडा उपटला. तुकडा तसाच चिमटीत धरून तो उभा राहिला.

ही नळी कार्बोरेटरकडून निघते आणि डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे कोणत्या प्लगला कधी ठिणगी द्यायची हे ठरवणाऱ्या डब्याला, जाऊन मिळते. पायाखालचा दाब कमी-जास्त झाला की नळीतली हवेची ओढ बदलते, आणि त्या ओढीने डब्यातली एक छोटी ताटली पुढे-मागे सरकते. ठिणगीची वेळ जुळवताना ताटली हलू नये म्हणून नळी काढून ठेवायची असते. मिस्त्रीच्या उस्तादाने त्याला तेवढ्याच कामापुरती ती काढायला शिकवलं होतं. मिस्त्री तेव्हा सतरा वर्षांचा होता; त्याने ते सगळ्याच कामांसाठी शिकून घेतलं. बॉनेट उघडलं की नळी बाहेर. गाडी फिरवायला नेतानाही बाहेरच, कारण परत आल्यावर पुन्हा तपासायचंच आहे, तर दोनदा कोण लावणार? गाडी परत देताना लावली की झालं. चाळीस वर्षांत कोणाचं काही अडलं नव्हतं.

डॉक्टरांची गाडी त्याने तीनदा फिरवली होती. तिन्ही वेळा ताटली बांधून घातल्यासारखी जागच्या जागी होती. डॉक्टर घरी नेत ती गाडी वेगळी होती. मिस्त्रीने तपासली ती गाडी डॉक्टरांनी कधी चालवलीच नव्हती.

त्याने डब्याचं झाकण काढलं. आत, ताटलीला बांधलेली, बोटभर लांबीची एक तार होती. तिच्यावरचं कापडी वेष्टण नव्यासारखं होतं. मिस्त्रीने तिच्या एका टोकाला करंट दिला आणि दुसऱ्याला तपासणीचा दिवा जोडला. दिवा लागला. मग नळीचं टोक तोंडात घेऊन त्याने हळूहळू श्वास ओढला. ताटली सरकली. अर्ध्या वाटेवर दिवा विझला. आणखी ओढल्यावर पुन्हा लागला. नळी सोडली, ताटली परत फिरली, आणि अर्ध्या वाटेवर दिवा पुन्हा विझला.

तीस-चाळीस वर्षं ताटलीबरोबर वाकून वाकून तार वेष्टणाच्या आत तुटली होती. टोकं एकमेकांना टेकून होती म्हणून काम चालत होतं. एका वेगाने निवांत जाताना काही नाही. उभ्या गाडीत काही नाही. पाय जोरात दाबायचा, ताटली परत फिरायची, तेवढीच ती अर्धी वाट ठिणगी जायची.

मिस्त्री खोक्यावर बसला. टेम्पो उद्या येणार होता. झाकण लावायला अर्ध्या मिनिटाचं काम. लेकीला गाडी नको होती, पोलिसांना जबाब मिळाला होता, आणि डॉक्टरांना सत्तर वर्षांच्या पायाबद्दल शंका घ्यायला कोणाची मदत नको होती. त्याने "काही नाही" हे शब्द तोंडात घोळवून पाहिले. तोंडात रबराची चव होती. त्याने दोनदा चूळ भरली आणि फोन लावला.

"डॉक्टर, या. आत्ताच या."

"पाय?"

"तुम्ही या आधी."

अर्ध्या तासात लेकीने डॉक्टरांना फाटकाशी सोडलं आणि ती टेम्पोवाल्याचे कागद आणायला पुढे गेली. मिस्त्रीने डॉक्टरांना खोक्यावर बसवलं, दिवा दाखवला, तार दाखवली. मग नळी तोंडात धरली. लहान मुलासारखे गाल आत घेऊन साठीच्या घरातला तो माणूस रबरी नळी चोखत होता. कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं. दिवा विझला, लागला, विझला.

डॉक्टर बघत राहिले. "पुन्हा कर."

मिस्त्रीने पुन्हा केलं.

"मला दे."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात नळ्या घातलेल्या माणसाने नळी स्वतःच्या तोंडात घातली. ओढलं. दिवा विझला. सोडलं, विझला. त्यांनी ते दहा वेळा केलं असेल, वीस वेळा. मध्येच थांबून धाप टाकायचे आणि पुन्हा ओढायचे.

"म्हणजे पाय नव्हता," ते म्हणाले.

"नव्हता."

"तू तीनदा बघितलंस, तेव्हा?"

"तेव्हा ही नळी मी काढून ठेवली होती." मिस्त्रीने हात पुसायला फडकं घेतलं आणि खाली ठेवलं. "फिरवायला नेली तेव्हासुद्धा. माझी सवय आहे. चुकीची आहे. डॉक्टर, तुमचा पाय उचलला गेला नाही. मी उगाच बोललो."

डॉक्टरांनी नळी गुडघ्यावर ठेवली. मिस्त्री शिव्यांची वाट बघत होता. त्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ट्रकच्या बाजूला गाडी अडखळली," डॉक्टर म्हणाले, "तेव्हा ती ओरडली, अहो, पाय उचलू नका! मी म्हटलं, नाही उचलला. ती म्हणाली, उचललात, उचललात! मिस्त्रीनं सांगितलंय ना तुम्हाला!" त्यांनी नळीचं टोक पुसलं. "आणखी काही बोलायला वेळच नव्हता. दोघांनाही."

अंगणात कुठेतरी पाण्याचा नळ टपटपत होता. मिस्त्रीला तो ऐकू येत होता.

"मी एवढे दिवस म्हणत होतो, तिचंच बरोबर असेल," डॉक्टर म्हणाले. "चाळीस वर्षांत बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघायचं. वाटलं होतं, गाडीत दोष सापडला तर मला सुटल्यासारखं वाटेल." त्यांनी पुन्हा नळी तोंडात धरली आणि ओढली.

दिवा विझला. सोडली, तरी विझलेलाच राहिला. पुन्हा ओढली. लागला नाही. मिस्त्रीने वाकून पाहिलं. वीस वेळा हलवून तारेची टोकं शेवटी एकमेकांपासून सुटली होती.

तेवढ्यात फाटकातून लेक आली, हातात कागदांची पिशवी. "बाबा, निघायचं? काका, इथे सही करा, उद्या अकराला टेम्पो येईल."

"ताई, थांबा," मिस्त्री म्हणाला. "सही राहू दे. आधी हे ऐका. तुमच्या बाबांचा पाय उचलला गेला नव्हता. गाडीत दोष होता. मला तीनदा दाखवली, मला सापडला नाही. चूक माझी आहे."

लेकीने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. "कुठला दोष?"

"ही तार. आतून तुटलीय."

तिने वाकून तार पाहिली. दिवा पाहिला. "हा लागतच नाहीये."

"मघाशी लागत होता. लागायचा आणि विझायचा. आता पूर्ण तुटली."

"पूर्ण तुटली म्हणजे गाडी सुरू होणार नाही ना?"

"आता नाही होणार."

"आणि अपघातात तुटली असेल तर?"

"नाही हो ताई, काल दिवसभर मी गाडी चालू करत होतो!"

"खरं बोलतोय तो," डॉक्टर खोक्यावरून म्हणाले. "मी स्वतः केलं. नळी ओढून."

"हो, बाबा," लेक म्हणाली. म्हाताऱ्या माणसांना औषध पाजताना म्हणतात तसं. तिने वडिलांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं, त्यांच्या ओठाला लागलेलं काळं आपल्या रुमालाने पुसलं, आणि आपल्या गाडीपर्यंत नेलं. मिस्त्री मागोमाग गेला. त्याने दार उघडलं आणि डॉक्टरांना धरून शेजारच्या सीटवर बसवलं.

"ताई, मी उद्या तुमच्याबरोबर पोलिसांकडे येतो. लिहून देतो."

ती गाडीला वळसा घालून त्याच्याजवळ आली आणि आवाज खाली आणून बोलली. तिचे डोळे भरले होते. "काका, बस. तुम्ही एवढं केलंत तेच खूप झालं. स्वतःवर घेतलंत. तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत आता. आज निदान झोपतील तरी ते."

"अहो, मी त्यांना बरं वाटावं म्हणून नाही बोलत! खरंच माझी…"

"कळलं मला," ती म्हणाली आणि तिने त्याचा तेलकट हात दोन्ही हातांत धरला. "आई नेहमी म्हणायची, मिस्त्री सांगेल तेच खरं."

ती जाऊन बसली. मिस्त्री दार लावायला वाकला. डॉक्टर समोर काचेतून रस्त्याकडे बघत होते. त्या बाजूला पायाखाली काहीच नसतं, नुसती चटई. तिच्यावर त्यांनी उजवा पाय गुडघा थरथरेपर्यंत दाबून धरला होता. गाडी फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागली तेव्हाही मिस्त्रीला काचेतून त्यांचा ताठ झालेला खांदा दिसत होता.